पहिली प्रोजेक्ट कार घेताय? इंजिन राहू दे, आधी पत्रा आणि पासिंग बघा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी होते. पालख्या येतात, शमीपूजन होतं, आणि या सगळ्यात गाड्यांचं वेड असलेली पोरं एका वेगळ्याच गोष्टीची वाट बघत उभी असतात. छत्रपती घराण्याची भगवी मेबॅक. 1930 च्या दशकातली ही जर्मन गाडी म्हणजे कोल्हापूरकरांच्या दसऱ्याचाच एक भाग.

मेबॅक काही कुणाला परवडायची नाही. पण जुनी गाडी सांभाळायची हौस या शहरात न्यू पॅलेसपुरती नाही. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागलेला पोरगा चार पगार साठवतो आणि मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघायला लागतो. त्याला हप्त्यावरची नवी गाडी नको असते. त्याला हवी असते एक छोटी, जुनी हॅचबॅक. रविवारी खोलायची, शिकायचं, पैसे येतील तसं एकेक काम काढायचं. यालाच प्रोजेक्ट कार म्हणतात.

मारुती 800 आज एखाद्या चांगल्या मोबाईलच्या किमतीत मिळते. त्यामुळे व्यवहार पटकन होतो, आणि वर्षभरात तीच गाडी बोळाच्या तोंडाला ताडपत्रीखाली विटांवर उभी दिसते. घरचे म्हणतात, पोरगं कंटाळलं. बऱ्याचदा पोरगं कंटाळलेलं नसतं. गाडी निवडतानाच चूक झालेली असते, आणि ती इंजिनात नसते.

इंजिनाची काळजी कोल्हापुरात सगळ्यात कमी

जुनी गाडी बघायला गेलं की सगळे आधी बोनेट उघडतात. रेस करून आवाज ऐकतात, सायलेन्सरमागे हात धरतात, सोबत आलेला मित्र मान हलवतो. हे बघायचंच आहे, पण त्यावर गाडी ठरवायची नाही.

कारण सरळ आहे. 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. हेच इंजिन ओम्नीलाही होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. त्यामुळे पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट, वॉटर पंप हे सगळं अजून दुकानात मिळतं. इंजिन इतकं हलकं आहे की दोन माणसं आणि एक चेनपुली असली तरी खाली उतरतं.

शिवाय हे कोल्हापूर आहे. या शहराचा उद्योगच ऑईल इंजिनांवर आणि फौंड्रीवर उभा राहिला. शिवाजी उद्यमनगरात बोअर मारणारे, हेड फेस करून देणारे, क्रँक ग्राइंड करणारे एका गल्लीत सापडतात. शिरोलीत तर पिस्टन बनवणारी मेनन पिस्टन्ससारखी कंपनी आहे. ज्या गावात इंजिनाचे भाग ओतले आणि कापले जातात, तिथे तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बांधून घेणं हे मोठं काम नाही.

बघायचं काय, तेवढं मात्र माहीत हवं. गाडी थंड असताना चालू करायला लावा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवल्यावर कळतं, आणि मग का ठेवली हा प्रश्न विचारायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल, ऑईलच्या झाकणाखाली मलईसारखा थर असेल, तर पाणी ऑईलमध्ये मिसळतंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट उडालेलं असतं. यातलं प्रत्येक दुखणं बरं होतं. किंमत पाडून मागायला ही कारणं उपयोगी आहेत, गाडी सोडून द्यायला नाहीत.

पत्रा म्हणजेच गाडी

ट्रक किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडी गंजली तरी सांगाडा शाबूत राहतो. 800, झेन, सँट्रो, इंडिका या गाड्यांना असा वेगळा सांगाडा नाही. वाकवलेले पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून जो डबा तयार होतो, तोच सांगाडा. सस्पेन्शन त्यालाच बोल्ट केलेलं असतं, सीट त्यालाच, सीटबेल्टही त्यालाच. म्हणजे पायाखालचा पत्रा कुजला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न नसतो. अपघातात तो डबा कसा दुमडणार, हा प्रश्न असतो.

त्यात या गाड्या मुळातच हलक्या. 800 चं वजन साधारण साडेसहाशे किलो. पत्रा पातळ, आणि एअरबॅग नाहीच. तो पातळ पत्राही गंजाने खाल्ला असेल तर उरतं काय?

म्हणून गाडीची पाहणी खालून सुरू करायची. ओळखीच्या गॅरेजवर नेऊन रॅम्पवर चढवा, नसेल तर जॅक लावून, खाली टेकू देऊन बघा. आतली मॅट आणि त्याखालचं कार्पेट उचलायला सांगा. मालक नको म्हणाला तर आपलं उत्तर मिळालं. ड्रायव्हरच्या टाचेखालची जागा, दारांखालची रनिंग बोर्डची कड, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, काचेखाली वायपरच्या जाळीखालची पन्हळ या पाणी साचण्याच्या जागा. बोनेट उघडलंत की इंजिनाआधी दोन्ही बाजूंचे ॲप्रन बघा, जिथे पुढच्या शॉकअबचं टोक वर येऊन बोल्ट झालेलं असतं. तिथला पत्रा फुगलेला किंवा चिरलेला असेल तर पहिल्या प्रोजेक्टसाठी ती गाडी घेऊ नये. एवढं एकच कारण पुरेसं आहे.

वरून रंग नवा असेल तर एक जुनी युक्ती आहे. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावरून, चाकांच्या कमानींवरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. आणि खालून ताजा काळाकुळकुळीत अंडरकोट मारलेला दिसला तर कौतुक करू नका. वीस वर्षांच्या गाडीला विकायच्या आधल्या आठवड्यात अंडरकोट मारायची हौस कुणाला नसते.

गाडी कुठे राहिली, हेही बघण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या बाजारात चारही बाजूंच्या गाड्या येतात. एमएच 08 आणि एमएच 07, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या गाड्यांनी खारी हवा आणि कोकणचा पाऊस खाल्लेला असतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या गाड्याही चार महिने ओल्याच. उलट एमएच 13 सोलापूरची किंवा सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडची गाडी बघायला मिळाली तर एक रविवार खर्च करून जाऊन यावं. सीट फाटलेली असेल, डॅशबोर्डला उन्हाने तडे गेले असतील, रंग उडालेला असेल. पण खालचा पत्रा कोरडा असण्याची शक्यता जास्त. फाटलेली सीट आणि कुजलेला फ्लोअर यात निवडायचं असेल तर फाटलेली सीट घ्यावी.

पुरातून आलेली गाडी

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना एक प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त विचारावा लागतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क भागांत पार्किंगमधल्या गाड्या तशाच बुडाल्या. सांगली आणि शिरोळ तालुक्यातही तेच.

त्या गाड्यांचं पुढे काय झालं? नव्या गाड्यांना पूर्ण विमा होता, कंपनीने नुकसान मोजलं. दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांना मात्र अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, आणि त्यात पुराची भरपाई मिळत नाही. मग मालकाने गाडी धुतली, ऑईल बदललं, उन्हात वाळवली आणि वापरली. पुढे विकली. यात फसवणूकच असते असं नाही. अनेकदा तिसऱ्या मालकाला खरंच माहीत नसतं.

पुराचं पाणी गेलं तरी चिखल राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज वापरात न येणारा तो आतला भाग कुणी धूत नाही, गाळाची रेष तिथे सापडते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, हेडलाइटच्या आतली कड, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडण्या बघा. तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर पाणी तिथवर आलं होतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत कार्पेट तेवढं करकरीत आणि सुगंध भरपूर, हे लक्षणही चांगलं नाही.

कार्बोरेटरची जुनी गाडी पुरातून उठते, कारण तिच्यात वायरिंगच मोजकी. 2000 च्या आसपास 800 एमपीएफआय झाली, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवायला लागला. त्या संगणकाच्या जोडण्यांत ओल गेली की गाडी कधी चालते, कधी नाही. असा अधूनमधून येणारा दोष शोधण्यात नवशिक्याचं वर्ष जातं. गंज दिसतो तरी. हा दिसतही नाही.

आता कागद. इथे गाडीपेक्षा दंड मोठा होऊ शकतो

पहिला गैरसमज: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते. पेट्रोल गाड्यांची पंधरा वर्षांची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी आरटीओत दाखवून, तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. यालाच आपण पासिंग म्हणतो. अर्ज नमुना 25 चा. सोबत राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो.

फी किती? केंद्राच्या नियमाने पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवायला एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये लागतात. त्याआधी हे 600 रुपयांत व्हायचं. ऑगस्ट 2025 मध्ये आणखी एक बदल झाला आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी 10,000 रुपये झाली.

पण खरा खड्डा पुढे आहे. मुदत संपल्यावर अर्ज उशिरा केला तर कारसाठी दर महिन्याला 500 रुपये जादा फी आहे. समजा एखादी गाडी पाच वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे आणि पासिंग तेव्हाच संपलंय. साठ महिन्यांचे 30,000 रुपये झाले. त्यावर नूतनीकरणाची फी, त्यावर थकलेला पर्यावरण कर. जाहिरातीत गाडी 25,000 ला असते, आणि घेणारा खूश असतो की स्वस्तात मिळाली.

त्यात तपासणीला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. म्हणजे आधी पैसे घालून ती चालती करायची, विमा काढायचा, पीयूसी घ्यायची, मग आरटीओ. ज्याने गाडी खोलून शिकायच्या बेताने घेतली त्याला पहिल्याच महिन्यात ती रस्त्यावर उतरवायच्या मागे लागावं लागतं.

म्हणून साधा हिशेब: पासिंग झालेली गाडी घ्या. 2008 ची 800 असेल आणि 2023 मध्ये तिची मुदत वाढवली असेल तर 2028 पर्यंत बघायची गरज नाही. तेवढ्यात निवांत काम होतं. अशी गाडी दहा-पंधरा हजारांनी महाग मिळाली तरी ती स्वस्तच.

आरसी बुकवर बोजा आहे का, हे दुसरं. गाडी पूर्वी कर्जावर घेतली असेल तर बँकेचं नाव नोंदलेलं असतं. कर्ज फिटून जमाना झाला तरी ते आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेचं पत्र आणि नमुना 35 लागतो. कर्ज एखाद्या पतसंस्थेचं असेल आणि ती पतसंस्थाच बंद पडली असेल, तर पत्र आणायचं कुणाकडून? हे काम विकणाऱ्याने व्यवहाराआधी करून द्यायचं. नंतर करू म्हणाला तर पैसेही नंतर.

निपाणी, चिकोडी कोल्हापूरपासून जवळ, त्यामुळे केए 23 ची स्वस्त गाडी समोर येतेच. ती घेता येते, पण कर्नाटकच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा एमएच 09 नंबर हे सगळं त्यात मिळवून मग किंमत बोला. सीमाभागात अशा गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरताना दिसतात म्हणून नियम बदलत नाही. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर नवी नोंदणी करावीच लागते.

मालकाचं नाव, पासिंगची तारीख, विमा आणि बोजा हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून पाच मिनिटांत बघता येतं. प्रलंबित ई-चलनंही बघून घ्या. गॅस किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. आणि गाडीजवळ गेल्यावर चेसिस नंबर स्वतः वाचा. तो बॉडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आरटीओत तपासणीवेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. तिथेच गंज असेल, किंवा तो तुकडा नंतर वेल्डिंग करून बसवल्यासारखा दिसत असेल, तर तिथून निघावं. पत्रा आणि कागद हे दोन प्रश्न तिथे एक होतात.

मारुतीची पहिलीवहिली गाडीसुद्धा यातून सुटली नाही. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी दिल्लीत हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या 800 ची किल्ली दिली होती. त्यांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही. 2010 मध्ये ते गेले आणि त्यानंतर देशातली ती सगळ्यात प्रसिद्ध 800 घराबाहेर गंजत उभी राहिली. पुढे मारुतीनेच ती मूळ रूपात दुरुस्त केली आणि आपल्या मुख्यालयात ठेवली. वयामुळे दिल्लीच्या रस्त्यावर ती चालवता येत नव्हती.

मग गाडी कोणती?

पहिलीच प्रोजेक्ट कार असेल तर 2004 ते 2010 मधली एमपीएफआय मारुती 800. उत्तर कंटाळवाणं आहे, पण हेच बरोबर आहे. ही गाडी जानेवारी 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे भागांचा तुटवडा नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही मेस्त्रीने ती शंभर वेळा खोललेली आहे. दार, बोनेट, काच जुन्या बाजारात मिळते.

कार्बोरेटरवाली आधीची 800 शिकायला जास्त चांगली, हे खरं. स्क्रू फिरवला की फरक कानाने कळतो. पण ती आता पंचवीस वर्षांच्या पुढची असते, म्हणजे पासिंगला 10,000 ची फी आणि पत्र्याला आणखी दहा पावसाळे. ती दुसरी गाडी म्हणून ठेवावी.

झेन बघितली की मन फिरतं, आणि ते समजण्यासारखं आहे. 1993 ते 2006 पर्यंतची ती गोलसर झेन चालवायला 800 पेक्षा कितीतरी मजेदार आहे. रॅलीवाल्यांनी ती उगाच डोक्यावर घेतली नव्हती. तिचं 993 सीसीचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे. हलकं आणि चपळ, पण एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि काम वाढतं. रेडिएटर, पंखा, होजपाइप नीट असतील आणि पत्रा कोरडा असेल तर झेन घ्यायला हरकत नाही.

सँट्रो टिकाऊ, पण तिच्यात वायरिंग आणि सेन्सर जास्त. पुण्यात बनलेली इंडिका डिझेल प्रशस्त, मात्र इंजिन जड आणि अनेक गाड्या टॅक्सीला घासून आलेल्या. फियाट युनो आणि पॅलिओचा पत्रा जाड, स्टिअरिंग सुरेख, चाहते कट्टर. भाग मात्र शोधावे लागतात आणि कंपनी आता इथे गाड्या विकत नाही. मॅटिझचंही तेच, देवू कधीच गेली. ज्याला आधीच हात बसलाय त्याच्यासाठी या गाड्या. पहिल्या प्रोजेक्टला एका रबरी बुशसाठी तीन आठवडे थांबावं लागलं की ताडपत्री बाहेर येते.

आपलाच ऊस, आपलीच गाडी

जुन्या गाडीवाल्यांसाठी नवी डोकेदुखी पेट्रोल पंपावर आहे, आणि तिचं मूळ कोल्हापूरच्याच शेतात. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून इथेनॉल निघतं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-20. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण 2005 ची गाडी या इंधनासाठी बनलेली नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. पेट्रोलचे पाइप, सील, कार्बोरेटरमधले वायसर यांना त्याचा त्रास होतो. सरकारनेही काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं म्हटलं आहे. ॲव्हरेज थोडं कमी होतं, तो भाग वेगळा.

प्रोजेक्ट कारचा प्रश्न मात्र किलोमीटरचा नाही, उभं राहण्याचा आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या अर्ध्या टाकीत पाणी जमतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून गाडी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच पेट्रोलचे सगळे पाइप बदला. ते इंधन चालणाऱ्या दर्जाचे मागा. पंधरा-वीस वर्षांचा कडक झालेला पाइप गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गाळत असेल तर ती आग लागायची तयारी आहे.

सायलेन्सर, ॲलॉय आणि रंग

गाडी आली की पहिला खर्च बहुतेक वेळा सायलेन्सरवर होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं हे तर कायद्याआधी विज्ञानाच्या विरोधात आहे. या शहराला वेगाचं वेड असेल तर त्यासाठी ट्रॅक आहे. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. रंकाळ्याचा रस्ता त्यासाठी नाही.

‘व्हिंटेज’ म्हणून सूट मिळेल का, असाही प्रश्न येतो. 2021 च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी. अगदी पहिली 800 सुद्धा 2033 शिवाय त्यात बसत नाही.

घरी आणल्यावर

पहिले पैसे ब्रेकवर. ब्रेक ऑईल, होज, मागचे ड्रम उघडून सिलिंडर. मग टायर. वरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूला कोरलेला चार आकडी नंबर वाचा. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. असा टायर मापाने नवा आणि वयाने म्हातारा असतो. त्यानंतर कूलिंगचे होज आणि थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट, मग गंजाची जागा कापून नवा पत्रा. रंग सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच काम खोलायचं आणि ते बंद करूनच पुढचं, म्हणजे गाडी कायम चालती राहते.

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, दोन स्टँड आधी घ्यायचे. विटा चालत नाहीत. वीट वजनाने अचानक फुटते.

जागेचाही विचार गाडी घ्यायच्या आधी करायचा. छप्पर हवं, जमीन कोरडी हवी, आणि घर पूररेषेत असेल तर जुलैमध्ये गाडी हलवायला उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाचं अंगण आधीच बोलून ठेवायचं. अर्धवट खोललेली गाडी ढकलत न्यावी लागते, त्यामुळे पाऊस वाढायला लागला की त्या आठवड्यात इंजिन खाली उतरवायचं नाही.

बहुतेक लोक गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतात. घ्यावी. फक्त बघायला जुलैत जा, भर पावसात. छत, दारं, डिकी कुठून गळते, कार्पेट कुठे ओलं होतं, वायपर चालतो का, सकाळच्या ओलीत गाडी चालू होते का, हे मालकाला न विचारता कळतं. आणि छत्री धरून गाडीखाली वाकणारं गिऱ्हाईक बघितलं की विकणाराही किंमत जरा जपूनच सांगतो.